भास्कर, ईस्टरचं गाणं अर्ध्यातच राहिलं

प्रिय भास्कर,

सलाम!

तुझी बाजाची पेटी माझ्यासमोर आहे आणि मला तिच्याकडं बघवत नाही, म्हणून लिहायला बसलो. दुसऱ्या कुणाला सांगू? घरात लीला सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. पाळकसाहेबांना तोंड दाखवायची सोय उरली नाही. रत्नाकर आता रस्त्यात दिसला तर मान वळवून जाईल, आणि जावंच त्यानं. राहिलास तू. तुला माती देऊन तीन आठवडे झाले, तरी काही बिनसलं की पाय अजून तुझ्या चाळीकडंच वळतात बघ.

आज ईस्टर. आख्खी मंडळी एकमेकांना मिठ्या मारून "प्रभू उठला आहे, खरोखर उठला आहे" म्हणत होती, आणि मी कब्रस्तानाच्या भिंतीला टेकून, पेटी पोटाशी धरून उभा होतो. भास्कर, तुझं गाणं मी मोडलं रे! तुझ्याच कबरीसमोर, सगळ्यांच्या देखत मोडलं आणि तसंच सोडून आलो.

कुणी सांगितलं होतं मला ह्या भानगडीत पडायला? मी पडलो नाही, मला ढकललं! तुला माती दिल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "गायकमंडळाची जबाबदारी आता याकोबभाऊ घेतील." मला विचारलं? एका शब्दानं नाही! सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. पुढच्या बाकावरून तुझ्या सुमननंसुद्धा, आमच्या वहिनींनी, वळून बघितलं. ते डोळे बघून नाही कसं म्हणायचं होतं, तूच सांग. तू असतास तर म्हणाला असतास, "याकू, लेका, तबल्यावर बस आणि गप बस."

तेवढंच तर येतं रे मला. आठवतं का, आपली ओळखसुद्धा ताटावर झाली. कंपनीच्या कँटीनमध्ये मी नवा, जालन्याकडून आलेला, ओळख ना पाळख. भाजीची वाट बघत स्टीलच्या ताटावर बोटं वाजवत बसलो होतो. समोरून तू आलास, ताट धरलंस आणि तुझ्या त्या नगरी हेलात विचारलंस, "हा ठेका रविवारी का नाही वाजवत?" म्हटलं, कुठं? म्हणालास, "आपल्या देवळात. पत्र्याचं आहे, पण आवाज लई घुमतो." त्या रविवारपासून तुझ्या शेजारी बसतोय. तुझी मान झुकली की समेवर यायचं, भुवई चढली की लय वाढवायची, एवढंच मला ठाऊक. इतक्या वर्षांत मी मंडळाकडं कधी बघितलंच नाही, तुझ्याकडंच बघितलं. आता मी कुणाच्या भुवईकडं बघू?

आणि ते शिफ्टचं कोडं! ते तू असं सोडवून ठेवलं होतंस की कोडं आहे हेच आम्हाला कधी कळलं नाही. आपलं अर्धं मंडळ माझ्या तुकडीत, अर्धं रत्नाकरच्या. आम्ही फर्स्टला तर ते सेकंडला. सोमवारी चक्र फिरायचं, ते फर्स्टला आणि आम्ही सेकंडला. कंपनीच्या फाटकात जाता-येता हात करायचा, एवढीच भेट. दोन्ही तुकड्या एका जागी यायच्या फक्त रविवारी, आणि तेही थेट उपासनेला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सोडा राव, ह्यात कुठं गाणं बसतंय! तू काय केलंस? कायमची नाइट मागून घेतलीस! ज्या नाइटला लोक पोटदुखीचं सोंग करून चुकवतात, ती तू हौसेनं घेतलीस. सकाळी घरी आलास की चहा, आणि नऊला सेकंडवाले तुझ्या दारात. दुपारी काय ती झोप. पाचला फर्स्टवाले हजर. दोघांना शिकवणारा तू एकच, म्हणून रविवारी ती माणसं अशी एकसुरात गायची जसं काही रोज एका ताटात जेवतात.

किती वेळा सांगितलं तुला, "भास्कर, माणसानं झोपलं पाहिजे." तर तू म्हणायचास, "झोपायला कबर आहे की!" बोललास तेच खरं केलंस. असलं काही बोलू नये रे माणसानं.

तुझ्या त्या दुपारच्या झोपेपायी आख्खी चाळ दबकत चालायची. वहिनी तर भांड्याला भांडं लागू द्यायच्या नाहीत. पोरींना खुणेनं जेवायला वाढायच्या. गोट्या खेळणारी पोरं पुढच्या चाळीकडं हाकलायच्या. भाजीवाल्यानं तोंड उघडायच्या आत त्याला हातानं थोपवायच्या. आणि पाच वाजले, तू उठलास, की तुझ्या दोन्ही पोरी अशा किंचाळत अंगणात यायच्या, जशी शाळा सुटली!

त्या दिवशीही आम्ही पाचला आलो. वहिनी दारात आल्या, ओठांवर बोट. "अजून उठले नाहीत. आज गाढ लागलीय झोप." आणि मी काय म्हणालो? "झोपू द्या वहिनी, पाच-दहा मिनिटं. बरं आहे." मला आनंद झाला भास्कर! खरंच आनंद झाला, की चला, लेकाचा आज एकदाचा पोटभर झोपला. आम्ही सगळे ओट्यावर बसलो आणि कुजबुजत राहिलो. एकाला खोकला आला तर तो उठून नळापर्यंत गेला आणि तिकडं खोकून आला. मी तबल्याला हातोडीसुद्धा लावली नाही. आणि आत तू केव्हाच गेला होतास. डॉक्टर म्हणाले, दुपारीच सगळं संपलं होतं. मेलेल्या माणसाची झोपमोड होऊ नये म्हणून आम्ही कुजबुजत बसलो होतो रे!

त्याच सकाळी तू रत्नाकरच्या तुकडीला ईस्टरचं नवं गाणं शेवटपर्यंत दिलं होतंस. आम्हाला आदल्या आठवड्यात दिलं होतंस. तूच रचलेलं, तुझीच चाल. दगडानं बंद केलेल्या प्रभूच्या कबरीकडं निघालेल्या बाया वाटेत एकमेकींना विचारतात, आपल्यासाठी दगड कोण लोटील? प्रश्न रत्नाकरच्या तुकडीचा आणि उत्तर आमच्या तुकडीचं, दगड आधीच लोटलेला आहे म्हणून. मी तुला म्हटलं, "रत्नाकरच्या लोकांना बाया केलंस, रुसतील बरं का!" तू हसलास. म्हणालास, "हे वर्षभर एकमेकांना भेटत नाहीत, याकू. गाण्यात तरी समोरासमोर बोलू देत."

तू गेल्यावर पेटी मी माझ्या घरी आणली. वहिनींना ती डोळ्यांसमोर नको असेल, असं माझं मीच ठरवलं. आमच्या तुकडीला घेऊन बसायला लागलो. पेटी मला येते किती? सा धरून ठेवता येतो, बस्स. तुझी पट्टी पांढरी चार. माझा घोगरा गळा तिथं पोचतोय होय! मग मी आपला गुपचूप खाली उतरलो, काळी एक धरली. आमच्या लोकांनाही बरं वाटलं, कुणाला ताणायला नको. लयही आपोआप मंदावली. तुझं गाणं म्हणायचं आणि तेही भरभर, कुणाला जमेचना ते.

आणि रत्नाकरची तुकडी? ती मला भेटणार कुठं? मी बाहेर पडतो तेव्हा ते आत शिरतात. निरोप धाडला, "तुम्ही तुमचं बसवा, आम्ही आमचं बसवतो." ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी दोन्ही तुकड्या समोर होत्या. तेव्हा तरी एकदा एकत्र म्हणून बघायचं की नाही? पण मी म्हटलं, भास्करनं कधी एकत्र सराव घेतला होता? कधीच नाही. तरी बसायचंच ना? आपल्या मंडळाची रीतच ती. मी तुझी रीत पाळली भास्कर, तुझ्यावरच्या मायेनं पाळली, आणि ह्या डोक्यात एवढं शिरलं नाही की त्या दोघांना जोडणारा तू होतास, आणि तू आता नाहीस!

पहाटे देहूरोडच्या बाजूच्या त्या कब्रस्तानात पोचलो तेव्हा अजून अंधारच होता. दरवर्षीसारखंच सगळं. ज्यानं त्यानं आपापल्या माणसाच्या कबरीला चुना लावलेला, मेणबत्त्या, झेंडूची फुलं. तुझी माती अजून कच्ची, तिला चुना कसला लावणार? वहिनींनी पाणी शिंपडून ती हातानंच सारखी केली होती, अंगण सारवतात तशी. पाळकसाहेब म्हणाले, "ह्या वर्षीची भक्ती भास्करभाऊंच्या कबरीपाशीच करू." झालं! एका अंगाला आमची तुकडी, दुसऱ्या अंगाला रत्नाकरची, मधे तू, आणि तुझ्या उशाशी मी, स्टुलावर पेटी ठेवून.

हातांचं काय करायचं हेच मला कळेना. तबल्यावर असतात तोवर ते माझे हात असतात. उभा राहिलो तर नुसते लोंबायला लागले. एक हात वर केला तर मागं कुणीतरी फिसकन हसलं. रत्नाकरनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली आणि त्यानं प्रश्न उचलला.

पांढरी चार! तुझी पट्टी, तुझी लय, तुझी ती शेवटच्या अक्षरावरची हलकी हरकतसुद्धा. त्यांच्याकडं पेटी नाही, काही नाही, नुसता कानात राहिलेला तुझा आवाज धरून त्यांनी ते गाणं बसवलं होतं. आजूबाजूच्या बाया पदर डोळ्यांना लावायला लागल्या. दगड कोण लोटील, दगड कोण लोटील, असा तो प्रश्न पुन्हा पुन्हा वर चढला आणि मग थांबला. आता उत्तर. आमचं उत्तर.

मी भाता दाबला आणि काळी एक लावली. दुसरं बोट कुठं ठेवणार होतो मी? आमचे लोक घाबरले. निम्म्यांनी माझा सूर धरला, निम्मे रत्नाकरच्या सुराला लोंबकळायला गेले आणि त्यांचे गळे फाटले. आमची अब्रू वाचवायला म्हणून रत्नाकरची तुकडी आमचंच उत्तर म्हणायला लागली, तर ते पुढं पळतायत आणि आम्ही मागं फरफटतोय. पेटी तिसरंच काहीतरी बोलतेय. पेटी सोडून मी दोन्ही हात हलवतोय, बघतंय कोण? एकेक माणूस गप्प होत गेलं. शेवटी माझा एकट्याचाच आवाज राहिला, आणि मग मीपण थांबलो.

प्रश्न झाला होता. उत्तर झालंच नाही. त्या शांततेत तुझी धाकटी मोठ्यानं म्हणाली, "आई, पुढचं का नाही म्हणत?" वहिनींनी तिच्या तोंडावर हात ठेवला. पाळकसाहेबांनी घाईघाईनं प्रार्थना सुरू केली. मी डोळे मिटलेच नाहीत, तुझ्या मातीकडं बघत राहिलो. देवा, मला आत घे आणि ह्याला बाहेर काढ, एवढंच मनात येत होतं. असं मागणं पाप असेल तर असू दे!

नंतर चहा आणि बटर वाटत होते तिथं रत्नाकर आला. चिडून आला असता तर बरं झालं असतं. रडवेला झाला होता. म्हणाला, "याकोबभाऊ, आम्हाला कोण शिकवणार होतं? पेटी तुमच्या घरात, तुम्ही तुमच्या माणसांत. आम्ही दादाचा आवाज आठवून आठवून बसवलं ओ. आता हे मंडळ राहतंय का?" मी म्हटलं, "राहील. मी कायमची नाइट मागतो." तोंडातून निघूनच गेलं ते. पण खोटं नव्हतं. कालच सुपरवायझरकडं सहज विषय काढला होता, तर तो हसला, म्हणाला, "नाइट? अहो, उद्या मागा, उद्या देतो!"

लीलानं ते ऐकलं. टेंपोतून परत आलो. घरात आल्यावर म्हणाली, "मागा, खुशाल मागा नाइट. मग मीपण दुपारभर पोरांना गप्प करत बसते. आणि एक दिवस पाच वाजता दार उघडून बघते." तेव्हापासून तिनं तोंड फिरवलंय.

आता तू सांग, काय करू मी? पेटी परत केली तर मंडळ संपलं. दोन तुकड्या दोन दिशेला जातील, वर्षभरात लोक विसरतील की पिंपरीत असं काही गायलं जात होतं. तुझ्या सगळ्या जागरणाची माती होईल. आणि नाइट घेतली तर? मला भीती वाटते रे. हसू नको. मला त्या बंद दाराची भीती वाटते. बाहेर ओट्यावर माणसं बसलीत, कुजबुजतायत, आणि आत मी. कालपासून दुसरं काही दिसतच नाही. तू एकट्यानं कसं काय निभावलंस हे? आणि निभावलंस तरी कुठं, मेलासच की! एकदा तरी म्हणायचं होतंस, याकू, मला झेपत नाही. मी कशाला होतो शेजारी? नुसता ठेका धरायला?

थांब जरा. दारात कुणीतरी आलंय.

---

पुन्हा बसलोय. ऊन उतरलं.

सुमनवहिनी आल्या होत्या, दोन्ही पोरींना घेऊन. मी पेटी उचलली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, "वहिनी, घेऊन जा. माझ्याच्यानं होत नाही. नाहीतर मग मला नाइट मागावी लागेल, तिसरा रस्ता दिसत नाही." लीलानं पाणी दिलं ते त्या प्याल्या. मग जमिनीवर बसल्या, पेटीचं झाकण काढलं, भाता सोडला आणि बोटं ठेवली.

तो प्रश्न वाजला भास्कर! दगड कोण लोटील, सगळी ओळ, तुझ्या हरकतीसकट. बोटं अडखळत होती, पण एकही सूर इकडचा तिकडं नाही. माझं तोंड उघडंच राहिलं. "तुम्हाला येते?" म्हटलं.

"लग्न झाल्यावर त्यांनीच शिकवली होती," त्या म्हणाल्या. "मग नाइट आली. सकाळ-संध्याकाळ तुमची माणसं, आणि दुपारी वाजवायची सोय नाही. राहूनच गेलं."

हे तू मला कधी बोलला नाहीस! आख्ख्या मंडळाला शिकवलंस आणि घरातली पेटी बंद पाडलीस? तुझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा राग आला, खरं सांगतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलोय. तिकडं आलो की भांडू.

मग वहिनींनी मला धरलं. "भाऊजी, तुम्ही पेटी उचलून आणलीत. मला विचारलंत?" पाळकसाहेबांबद्दल मी जे म्हणत होतो तेच की हे! त्या म्हणाल्या, "मला नको असेल असं वाटलं ना तुम्हाला? सगळ्यांना माझं सगळं कसं न विचारताच कळतं?"

लीला आतून बाहेर येऊन उभी राहिली होती. वहिनी बोलत राहिल्या, हळूच, त्यांची सवयच ती. "पेटी माझ्या घरी राहील. दोन्ही तुकड्यांनी पूर्वीसारखंच यायचं, ज्यांना जी वेळ असेल ती. सूर मी धरून देईन, दोघांनाही एकच." त्यांनी काळी दोनवर बोट ठेवलं. "त्यांच्याएवढा वर नाही, तुमच्याएवढा खाली नाही. म्हणून बघा." मी म्हणून बघितलं. थोडं ताणावं लागलं, पण पोचलो.

"आणि रविवारी?"

"रविवारी पेटीवर मी आणि तबल्यावर तुम्ही. तुम्हाला उठून उभं राहायला सांगितलं कुणी? तुमचा हात पडला की सगळ्यांना कळतं कुठं यायचं. त्यांनासुद्धा तुमच्याच हातावर कळायचं. घरी म्हणायचे तसं."

म्हणायचा होतास? मला का नाही कधी म्हणालास रे मेल्या! मी तुझ्या भुवईकडं बघत होतो आणि तू माझ्या हाताकडं? इतकी वर्षं?

मी डोळे पुसले आणि भीत भीत म्हटलं, "पण वहिनी, लोक नावं ठेवतील. महिना झाला नाही आणि घरात गाणं? शिवाय बाईमाणसानं पुरुषांना शिकवायचं म्हटल्यावर पंच मंडळी काय म्हणतील? त्यापेक्षा मी नाइट..."

"नाइटचं नाव काढलंत तर पेटीला हात लावू देणार नाही," त्या म्हणाल्या, आणि ह्या वेळी आवाज हळू नव्हता. "एका माणसाच्या झोपेसाठी मी मोठ्यानं बोलणं विसरले, भाऊजी. माझ्या पोरी हसताना तोंडावर हात धरतात. अजूनसुद्धा दुपार झाली की मी त्यांना गप्प करते. आज पहाटेही केलं. ते नाहीत, झोपायला कुणी नाही, तरी मी दबकत चालते. वेड लागेल मला." मग त्यांचा बांध फुटला. "मला आता घरात आवाज पाहिजे ओ. नुसता आवाज पाहिजे."

लीलानं जाऊन त्यांना जवळ घेतलं. दोघी रडल्या, तुझ्या पोरी घाबरून माझ्या मांडीला चिकटल्या. बऱ्याच वेळानं लीला माझ्याकडं वळून म्हणाली, "ऐकलंत ना?" सकाळपासून माझ्याशी बोललेले तिचे हे पहिले शब्द. मी म्हटलं, ऐकलं.

माझं सगळं ठीक झालं असं समजू नकोस. हे पत्र संपलं की रत्नाकरकडं जायचंय. तो दार उघडेल की नाही, देव जाणे. पंच मंडळी काय गोंधळ घालतील ते वेगळंच. आणि गाणं पुन्हा मोडलं तर? तर मोडेल. पण आता मोडलं तर सगळ्यांचं मिळून मोडेल, मी एकटा तुझ्या उशाशी उभा नसेन.

म्हणून तुला शब्द देतो. येत्या रविवारी उपासना सुटली की दोन्ही तुकड्या घेऊन तुझ्याकडं येतो. मेणबत्त्या नसतील, फुलं सुकलेली असतील, ऊन डोक्यावर आलं असेल. पण तुझ्या धाकटीला पुढचं ऐकायचंय ना? प्रश्न विचारून पळालेली माणसं आम्ही, उत्तर दिल्याशिवाय तिथून हलणार नाही.

आणि नाइट मी मागणार नाही, भास्कर. तुझी बाकीची रीत पाळीन, ही नाही.

उद्या आमची तुकडी सेकंडला आहे. म्हणजे सकाळी नऊला तुझ्या ओट्यावर आम्हीच. त्या दिवशी बसलो तसे कुजबुजत बसणार नाही. दारातून मोठ्यानं हाक मारू. तुझ्या पोरींना किंचाळायचं असेल तर किंचाळू दे. तबल्यावर अशी हातोडी घालतो की पुढच्या चाळीतली माणसं बाहेर येऊन बघतील.

तू मात्र उठू नकोस. झोप तू आता, पोटभर झोप.

तुझा
याकू